सावद्याची दोन सीटची गाडी

गॅरेजचं शटर मी गेल्या वर्षी कायमचं खाली ओढलं. तेव्हापासून घरी आहे आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे घरातल्या प्रत्येक नळाचा, कडीचा आणि मिक्सरचा छळ मांडला आहे. या अंकाचे संपादक आमच्याच कॉलनीतले. चांगला चालू पंखा खोलून बसलेला मी त्यांना दिसलो आणि ते म्हणाले, "बापू, हात एवढे शिवशिवत असतील तर काहीतरी लिहा आमच्यासाठी." पाना धरलेल्या हाताला पेन फार हलकं लागतं, त्याची पकडच बसत नाही. पण पंखा अजून जोडायचा आहे आणि तो टाळायला निमित्त हवंच होतं.

धुळ्याच्या बाहेर हायवेला लागून माझं गॅरेज होतं. मुंबईहून आग्र्याकडे आणि नागपूरहून सुरतेकडे जाणारी वाहनं धुळ्यात एकमेकांना ओलांडतात, त्यामुळे बिघडायचीही धुळ्यातच. जीप, टेम्पो, ट्रक असं सगळं केलं. पण माझं नाव झालं ते जुन्या गाड्यांमुळे. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या सासऱ्यांची, शेडमध्ये कोंबड्या अंडी घालत असलेली अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणजे बापू मिस्तरीकडे न्यायची, असं खान्देशात झालं होतं.

आमच्या धंद्यात दोन जाती. मिस्तरी म्हणजे इंजिनवाला आणि डेंटर म्हणजे पत्र्याचं काम करणारा. मी गाडीच्या पोटातलं बघायचो, रशीदभाई कातडीचं. रशीदभाई घरी उर्दू बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि माझ्याशी अहिराणी. शिवी मात्र कोणत्याच भाषेत देत नाही. पत्रा फारच कुजका निघाला तर हातोडी खाली ठेवून नुसता "तौबा" म्हणतो. आम्ही दोघांनी एकाच छपराखाली जन्म काढला आणि भांडणं फक्त रंगावरून केली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जुनी गाडी नीट करायची म्हणजे घासायची, रंगवायची आणि तेल घालून चालू करायची. तसं असतं तर मी आज बंगल्यात असतो. जुन्या गाडीपाशी पहिला प्रश्न असतो तो हा, की हिला कुठल्या सालापर्यंत मागं न्यायचं? कारखान्यातून निघाली त्या दिवसापर्यंत, की वडील चालवायचे त्या काळापर्यंत, की परवा बंद पडली तिथपर्यंत? गिऱ्हाइकाला हे विचारलं की ते गोंधळतं, कारण त्याने तो विचार केलेलाच नसतो. त्याला फक्त "पहिल्यासारखी" हवी असते.

साक्रीकडच्या एका भल्या माणसाने वडिलांची जीप अशीच आणून टाकली. पहिल्यासारखी करा म्हणाला. आम्ही अशी केली की रशीदभाईने तिच्या बॉनेटमध्ये बघून मिशी कातरली. घरी नेल्यावर म्हाताऱ्याने तिला एक फेरी मारली, मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "आपली कोणाला विकली रे?" शेवटपर्यंत तो तिच्यात बसला नाही. उलट शिरपूरच्या एकाने सांगितलं, सगळी गाडी रंगवा, पण दाराच्या आतल्या बाजूला वडिलांच्या पानाच्या पिंकेचा डाग आहे तो तसाच ठेवा. रशीदभाईने त्या डागाला कागद चिकटवून भोवतीने रंग मारला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

या दोघांपासून मी एक शिकलो होतो, किंवा शिकलो असं मला वाटत होतं. गाडीतले बदल म्हणजे घरातल्या माणसांच्या खुणा, त्यांना उगाच हात लावू नये. हे मत मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो आणि लोक माना डोलवायचे. मग सावद्याची गाडी आली.

हेमंत मूळचा सावद्याचा, नोकरीने पुण्यात, पन्नाशीचा इंजिनिअर. एक दिवस गॅरेजमध्ये येऊन त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. मी आधी हसलो. पुढून पाहिली तर जीपची चुलत बहीण, मागून पाहिली तर वरातीचा रथ. आणि मधेच कुठेतरी, दाराच्या खाली उतरत गेलेल्या कमानीत, इंग्लंडची जुनी, दोन माणसांची, बिनछपराची स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर जुन्या गाड्यांचे दर्दी उद्या हेमंतच्या आईच्या दारात उभे राहतील आणि त्या बाईंना पाहुण्यांचा कंटाळा आहे.

"बाबांनी इंदूरच्या एका हौशी माणसाकडून घेतली होती," हेमंत म्हणाला. "मग घरच्या गरजेप्रमाणे बदलत गेले. आता बाबा नाहीत. मला ती मूळ रूपात आणायची आहे. इंग्लंडमध्ये सगळे पार्ट मिळतात, इंजिनसुद्धा. फक्त हे करण्यासारखं आहे का, एवढं तुम्ही बघून सांगा."

म्हणजे गाडी दुरुस्त करायची नव्हती, निवाडा करायचा होता. निवाडा करायला मला नेहमीच आवडायचं.

हिवाळ्याचे दिवस होते. मी आणि रशीदभाई सकाळी धुळ्याहून निघालो. भुसावळ मागे टाकून तापीचा पूल ओलांडला की हवा बदलते, दोन्ही बाजूंनी केळी सुरू होते आणि फैजपूरपासून सावद्यापर्यंत ती काही थांबत नाही. हेमंतचं घर मळ्यातच होतं. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये, केळी भरायच्या क्रेटांच्या पलीकडे ती उभी होती. तिच्यावर टाकलेली ताडपत्री हेमंतने ओढली आणि रशीदभाईने पहिला "तौबा" म्हटला.

जुन्या गाडीची तपासणी वैदूसारखीच असते. आधी दाराच्या फटी बघायच्या. वरची फट रुंद आणि खालची अरुंद असेल तर सांगाडा बसलाय. मग बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत जायचं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, पुट्टी भरलेला पत्रा बद्द बोलतो. लोहचुंबक लावायचं, पुट्टीवर ते धरत नाही. शेवटी पायपुसणं उचलून जमीन दिसते का बघायची. गाडीची नव्हे, शेडची.

या गाडीत टकटक करत गेलो तसा तिचा सगळा संसारच समोर आला. मूळचं पेट्रोल इंजिन काढून जीपचं डिझेल बसवलेलं. तारांच्या चाकांच्या जागी जीपची चाकं. मागची पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी काढून तिथे पत्र्याचा मोठा डबा वाढवलेला, त्यात लांब सीट. वर पाइपांच्या सांगाड्यावर पत्र्याचं टप. मागे केळीची ट्रॉली ओढायचा हूक. आणि टपावर वरातीचं छत उभं करायला लोखंडी दांडा. सगळ्यावर थरावर थर रंग आणि पुट्टी. हेमंत एकेक सांगत होता. त्याच्या वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. या सीटवर आजी बसायची, आत्या बसायच्या, मग तो आणि त्याची बहीण. गावातला एकही नवरदेव या गाडीशिवाय मारुतीच्या पारावर गेला नाही.

मी शेवटी कपडे झटकून उभा राहिलो आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. म्हटलं, "हेमंतराव, डबा मूळ अंगाला वेल्डिंगने जोडलेला दिसतोय. तो काढायचा म्हणजे गॅस कटरने कापायचा. कापल्यावर मागे काय उरेल ते सांगता येत नाही आणि पुन्हा जोडता येणार नाही. बरं, इंग्लंडहून सगळं नवं आणून लावलं तर तुमच्या वडिलांचं तिच्यात काय राहिलं? तशी गाडी इंग्लंडमध्ये शेकडो असतील. ही मात्र सावद्यातच होऊ शकते. माझं ऐका, आहे तशी चालू करून घ्या."

हेमंत इंजिनिअर असला तरी भाबडा माणूस. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्याला हे पटतंय. त्याने सीटवरून हात फिरवला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मिस्तरी, जेवून घ्या आधी. गाडी काई पयून नही जात."

त्या हेमंतच्या आई, सुमनअक्का. पंच्याहत्तरीच्या आसपास, उंच, ताठ, मोतीबिंदूची ऑपरेशनं होऊन डोळे लख्ख झालेले. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत आणि वर कच्च्या मिरचीचा ठेचा वाढला. मी जेवता जेवता हेमंतला उरलेलं भाषण ऐकवलं. अक्का वाढत होत्या आणि ऐकत होत्या. माझं पान पुसून झालं तशा समोर बसल्या.

"तुमचं दोघायचं झालं का बोलून?"

"झालं अक्का," मी म्हटलं. "आहे तशीच राहू द्यावी म्हणतो. भाऊंनी एवढ्या हौसेनं एकेक गोष्ट..."

"काढून टाका."

"काय काढू?"

"सगयं. टप काढा, मांगची शीट काढा, तो वरातीचा दांडा काढा. इंदूरहून आली तव्हा होती तशी करा. दोन शिटाची."

हेमंत म्हणाला, "आई, बाबांनी केलंय ते सगळं."

"मंग मी कोठी म्हनते का शेजाऱ्यानं केलं म्हनून?" अक्कांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडेच बघत सांगू लागल्या. "लगन झालं आन् थोड्याच दिवसांत हे गाडी घेऊन आले. वरीसभर आमी दोघंच फिरलो तिच्यात. फैजपूर, यावल, तापीकाठी. मंग सासूबाई म्हने, तुमी गाडीत आन् आमी बैलगाडीत का? तं मांगं शीट लागली. त्याच्यात सासूबाई बसल्या, नंदा बसल्या, मंग हा बसला. ऊन लागते म्हनून टप झालं. मंग केयीची ट्रॉली, मंग गावाच्या वराती. गाडी मोठी होत गेली आन् मले जागाच नही राह्यली. मी घरीच राहू लागली."

मला माझ्या भाषणाची लाज वाटली, ती आजही वाटते. जन्मभर मी जुन्या गाड्यांत घरातल्या माणसांच्या खुणा दाखवत आलो, पण तिच्यात कुणाला बसायला मिळालं नव्हतं हे मी एकाही घरी विचारलं नव्हतं.

पण खरी कळ आली ती हेमंतला. जेवण झाल्यावर तो मला शेडमध्ये घेऊन गेला. मघापर्यंत मूळ रूप, मूळ रूप म्हणून धोशा लावणारा तोच. आता सीटच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बापू, मी या सीटवर लहानाचा मोठा झालो. ताप आला की बाबा मला इथेच झोपवून भुसावळला डॉक्टरकडे न्यायचे. ही कापायची?" मूळ गाडीत आपल्याला जागा नाही, हे त्याच्या तोपर्यंत लक्षातच आलेलं नव्हतं.

"कापली की गेली," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू? "आणि पुढे दोन सीटची निघेलच अशीही खात्री नाही. दोन्ही जाईल असंही होऊ शकतं."

तो परत ओसरीवर गेला आणि आईला हे जसंच्या तसं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "कापा."

केळीच्या रिकाम्या ट्रकवर चढवून गाडी धुळ्याला आणली. रशीदभाईने कटरची नळी जोडली, चष्मा चढवला आणि नेमकं कुठून कापायचं हे ठरवायला डब्याच्या सांध्यावरची पुट्टी खरवडायला घेतली. मी दुसऱ्या टोकाला एका टेम्पोखाली होतो. थोड्या वेळाने त्याची हाक आली.

"बापू, आठे ये. हाई वेल्डिंग नही शे. बठ्ठा बोल्ट शेतस!"

मी जाऊन पाहिलं. पुट्टीखाली बोल्टांची डोकी, एका ओळीत. दुसऱ्या बाजूला तेच. टपाच्या पाइपाला तेच, दांड्याला तेच. ज्याला गॅरेजचा वारा लागलेला नाही त्याला यातलं नवल कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे गाडीला काहीही जोडायचं म्हटलं की वेल्डिंग. घटकाभराचं काम, पक्कं काम, पुन्हा बघायला नको. बोल्ट लावायचा तर भोकं जुळवावी लागतात, शिवाय आमच्या रस्त्यांवर तो ढिला होतो, दर पावसाळ्यानंतर खाली निजून आवळावा लागतो. एवढी कटकट कोणी शहाणा माणूस करत नाही. करतो तो एकच, ज्याला पुढं-मागं हे काढायचं असतं. आणि भोकंसुद्धा भाऊंनी नवी पाडली नव्हती. जुन्या टाकीची आणि स्टेपनीची जी मूळची होती त्यातूनच सगळे बोल्ट नेले होते. इंदूरहून आलेल्या पत्र्याला त्यांनी कुठेही करवत लावली नव्हती.

मी तिथल्या तिथे हेमंतला फोन लावला. तो सुट्टीला सावद्यालाच होता. म्हणाला, हात लावू नका, आईला घेऊन येतो, पहिला बोल्ट मी काढतो. पण रशीदभाईला कुठला धीर निघतोय? बोल्ट नाहीत पण निदान एक कोपरा उचलून बघू म्हणून त्याने पहार घातली आणि त्या फटीतून काळपट चुरा खाली सांडला.

केळीची पानं होती. वाळलेली केळीची पानं, थर लावून दाबून भरलेली.

केळीच्या मुलखातल्या माणसाला याचं कोडं पडणार नाही. पूर्वी घड वॅगनमध्ये भरताना खाली, बाजूला आणि मधे वाळलेली पानं घालत. केळ्याला घासलेलं चालत नाही, घासलं की साल काळी पडते. भाऊंचा जन्म त्या कामात गेलेला. डब्याचा पत्रा मूळ लाल रंगाला घासू नये म्हणून त्यांनी तेच केलं जे हाताला ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. घड चार दिवसांत दिल्लीला पोचतो, गाडी तिथेच राहते. वर्षानुवर्षं पानांनी पावसाळा पिऊन घेतला आणि तो पत्र्याला पाजला. जिथे जिथे भाऊंनी जपून पानं भरली होती, नेमका तिथे तिथे पत्रा सडून जाळी झाला होता. जिथे भरायला विसरले होते तिथला लाल रंग अजून शाबूत.

रशीदभाई उकिडवा बसून बघत राहिला. मग झाडू उचलून म्हणाला, "अक्काले दखाडू नको. माणूस गया, आते कसाले?"

मला काय करावं ते सुचेना. बोल्टांचं सांगायचं आणि पानांचं लपवायचं, हे जमलं असतं. बाईंना समाधान मिळालं असतं आणि पत्रा काय, जुना होता, सडला म्हणून सांगून मोकळे. पण ती माणसं येईपर्यंत आमचं काही ठरलं नाही आणि झाडू रशीदभाईच्या हातातच राहिला.

मी अक्कांना बोल्ट दाखवले आणि मघाशी तुम्हाला सांगितलं तेवढंच सांगितलं. त्या वाकून एकेका डोक्यावरून बोट फिरवत गेल्या.

"सगयेच?"

"सगळेच. भाऊंना हे कधीतरी काढायचं होतं, अक्का."

"मले कधी बोलले नही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. मग त्यांचं लक्ष खाली सांडलेल्या चुऱ्याकडे गेलं. त्यांनी चिमूट उचलली, चुरगाळली, नाकाजवळ नेली. केळीतच जन्म गेलेल्या बाईला ओळखायला वेळ लागला नाही. मी सडक्या पत्र्याचं खरं काय ते सांगून टाकलं. अक्का ऐकता ऐकता हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

"केयीवालाच तो! गाडी असो का घड, पानात गुंडायल्याबिगर चैन नही पडे त्यायले." आणि हसता हसताच तो पदर डोळ्यांना गेला. हेमंत त्यांना धरायला पुढे झाला तर त्याचा हात झटकून म्हणाल्या, "तू पाना घे. उघड ते."

हेमंतने डब्याचे सगळे बोल्ट स्वतःच्या हाताने काढले. काही इतके गंजलेले की रशीदभाई तेल सोडत बसला, पण हेमंतने कटर काही लावू दिला नाही. बोल्ट ढिले होत गेले तशी ती सीट अख्खी, न कापता, मोकळी झाली. हेमंतने ती आपल्या गाडीच्या टपावर बांधून पुण्याला नेली. ती त्याच्या बैठकीत आहे, सोफ्याच्या शेजारी, आणि त्याच्या बायकोला ती आवडत नाही.

आता खरा निर्णय समोर आला. मूळ अंग सापडलं होतं, पण अर्धं सडलेलं. हेमंतला पुन्हा उत्साह आला. मागचा सगळा भाग इंग्लंडहून मागवू, इंजिन मागवू, तारांची चाकं मागवू, अगदी जशीच्या तशी करू. किती दिवस लागतील, असं अक्कांनी मला विचारलं. वर्षं लागतील, मी म्हटलं, नक्की नाही सांगता येत.

"तवरोक मी राहीन का?" अक्का म्हणाल्या. "इंजिन चालते ना? मंग राहू द्या तेच. पत्रा हा रशीदभाऊ करेल अठीच. मले दोन शिटं पाह्यजे, बाकी तुमचं तुमी पाहा. आन् मिस्तरी, गेर जड नका ठेवजा."

पुण्याच्या मऊ हातांच्या पोराची काळजी, असं मी समजलो आणि गिअरचं काम मनापासून केलं.

रशीदभाईने तो मागचा भाग हाताने घडवला. वाळूची पिशवी, लाकडी हातोडा आणि पुठ्ठ्याचे नमुने, एवढंच साहित्य. जिथला पत्रा वाचला होता त्या बाजूचं माप घ्यायचं आणि ते उलटं करून दुसऱ्या बाजूला उतरवायचं. एकेक ठोका मारून हात फिरवायचा, कारण पत्र्याचा उंचवटा डोळ्याला दिसायच्या आधी तळहाताला कळतो. मी पाहत बसायचो. आता अशी कामं संपली, खोका उघडून नवा भाग लावतात आणि जुना भंगारात टाकतात. त्यात चूक काही नाही, लोकांना वेळ नाही. पण तो पत्रा हळूहळू गोलाईला येताना पाहिला आणि मला वाटलं, आपण शटर बंद करायच्या आधी हे झालं, बरं झालं. रंगावरून आमचं भांडण झालंच. शेवटी भाऊंनी पानं घालायला विसरलेल्या जागेचा लाल रंग नमुना म्हणून ठरला.

कुणा जाणकाराने पाहिली असती तर नाक मुरडलं असतं. पोटात जीपचं इंजिन, पायात जीपची चाकं आणि पाठीवर धुळ्याचा पत्रा. हिला मूळ म्हणता येत नाही आणि बदललेलीही म्हणता येत नाही. मला विचाराल तर ती अक्कांची होती आणि तेवढं पुरे होतं.

गाडी पोचवायला आम्ही दोघे सावद्याला गेलो तेव्हा अंगणात अर्धी भाऊबंदकी जमली होती. अक्कांच्या धाकट्या जाऊबाई गाडीभोवती फिरल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "अवो बाई, मांगं काईच नही. आमी कोठी बसाचं?"

"तुमी यष्टीनं या," अक्का म्हणाल्या.

हेमंत स्टिअरिंगवर जाऊन बसला. आई शेजारी बसणार म्हणून मी डाव्या बाजूचं दार उघडून उभा राहिलो. अक्का माझ्यासमोरून गेल्या, बॉनेटला वळसा घालून उजव्या दाराशी थांबल्या.

"उतर," त्या म्हणाल्या.

"आई?"

"उतर. तिकडे बस."

हेमंत उतरला आणि काही न कळल्यासारखा पलीकडे येऊन बसला. मी दार लावलं. अक्कांनी चपला काढून अंगणात ठेवल्या, पदर कमरेला खोचला, अनवाणी पाय पॅडलवर टेकवून एकदा खाली वाकून पाहिलं. मग क्लच दाबला. पहिला गिअर पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मळ्यातल्या कच्च्या रस्त्याला दोन्हीकडे केळी उभी, मधून ती लाल गाडी गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही नुसते ऐकत होतो. दुसरा पडला. मला वाटलं, आता एवढंच.

"बापू," रशीदभाई माझा हात दाबून म्हणाला, "तिसरा पडना."

जाऊबाईंनी हातातलं ओवाळणीचं ताट तसंच धरलं होतं. बऱ्याच वेळाने आवाज फिरला आणि जवळ येऊ लागला. गाडी अंगणात येऊन बरोबर चपलांपाशी थांबली. अक्कांचे केस सुटले होते. त्यांनी इंजिन बंद केलं, पण उतरल्या नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिल्या.

हेमंत उतरून माझ्यापाशी आला.

"बापू," तो म्हणाला, "आईला गाडी येते, हे मला माहीतच नव्हतं."